नहीं आई

"आली! आली!" शामला पडद्यामागून ओरडली आणि बाकावरून अर्धवट उठली.

दाराशी टेबल मांडून बसलेल्या मुंशीजींनी मान वर केली नाही.

"अली?" ते म्हणाले. "अली तो कब का हो गया, बाई."

बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. का हसल्या ते शामलाला कळेना. मुंशीजींनी घसा खाकरून पुन्हा एकदा "पद्मा! आई?" अशी हाळी दिली, जरा वाट पाहिली, दौतीत टाक बुडवून वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

पद्माची आई बरोबर आहे का, असंच तो विचारत असणार. आता याला काय सांगायचं? शामलाने शेजारी पाहिलं. पद्मा प्लास्टरमधला हात झोळीत घेऊन बसली होती आणि पायाच्या अंगठ्याने फरशीवरची रेघ गिरवत होती. सात वर्षांची पोर, इथल्याच दाना ओळीत जन्मलेली, गल्लीतल्या मुलींशी दिवसभर हिंदीत भांडणारी. तिला सगळं कळत होतं. पण तिने तोंड उघडलं नाही, आणि शामला खाली बसली.

शामला ग्वाल्हेरला येऊन सहा महिने झाले होते. वाईकडची मुलगी. बिजवराला दिली म्हणून चुलत्यांनी डोळ्यांतून पाणी काढलं होतं, पण दिली ती दिलीच. इथे येईपर्यंत हिंदी तिने फक्त एका गोसाव्याच्या तोंडून ऐकली होती. आता तिला 'पानी' येत होतं, 'कितने का' येत होतं, आणि भाजीवाला दिवसातून दहा वेळा म्हणतो ते 'नहीं' येत होतं. तेवढ्या शिदोरीवर ती मुलीला टांग्यात घालून लष्कर भागातल्या दवाखान्यात आली होती. यजमान मधुसूदनराव जमिनींच्या बंदोबस्ताच्या कामाला बारा दिवस खेड्यांत गेलेले, मग आणखी कोण येणार?

हात मोडला होता तो वेणीमुळे. एक वेणी घालून झाली होती, दुसरीचे पेड हातात होते आणि पद्मा हिसका देऊन पळाली. जिन्याच्या वरच्या पायरीवर तिचा पाय सटकला. शामला फणी हातात घेऊन जिन्याच्या तोंडाशी पोहोचली तेव्हा खाली अंगणात बिऱ्हाडकरू जमले होते, आणि त्यांनी आधी खाली पडलेल्या पोरीकडे पाहिलं आणि मग वर फणीकडे. बोललं कुणी काही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान तिला उत्तर देता आलं असतं.

मनगटाच्या वर दोन्ही हाडं मोडली होती. डॉक्टरसाहेबांनी हाड बसवून प्लास्टर घातलं. डॉक्टर मराठी होते, त्यामुळे त्यांचं बोलणं तिला अक्षरन् अक्षर समजलं होतं. मुलांची सूज उतरली की प्लास्टर आतून सैल पडतं, म्हणाले, आणि बसवलेलं हाड सरकू शकतं. बाहेरून दिसत नाही. म्हणून आठ दिवसांनी पुन्हा हाडांचा फोटो काढायचा. सरकलेलं दिसलं तर लगेच ढकलून जागेवर आणता येतं.

"पंधरा दिवसांनंतर मात्र ते जसं असेल तसं धरतं," डॉक्टर म्हणाले होते. "मग माझ्या हातात काही नाही."

पंधरा दिवस. हात वाकडा राहिला तर तो जन्मभर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे राहणार होता. हळदीकुंकवाला वाण घेताना, उद्या कुणी मुलगी बघायला आले की त्यांना चहा देताना. आणि दर वेळी कुणीतरी हळूच सांगणार, सावत्र होती ना, तिच्या हातून झालं. शामलाला त्या बोलण्याची भीती होतीच, खोटं कशाला सांगा. पण पोरीचा तो एवढासा हात सरळ व्हावा, ही तळमळ त्याहून मोठी होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

बारा वाजता फोटोचं यंत्र बंद झालं. शामला कागद घेऊन टेबलाशी गेली. मुंशीजी भरभर काही बोलले, त्यातलं 'टाइम पे' तेवढं तिला उमगलं. त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली आणि एका ओळीवर बोट आपटलं. लिपी आपलीच, त्यामुळे वाचायला अडचण नव्हती. एका रकान्यात नावं होती. पुढच्या रकान्यात कुणापुढे 'आई' लिहिलं होतं, कुणापुढे 'आया'. म्हणजे कोण पोर आईबरोबर आलं आणि कोण आयेबरोबर, हे लिहीत असतील. सरदारांच्या घरची मुलं आयेबरोबरच येणार, त्यात नवल नव्हतं. मग तिची नजर मुंशीजींच्या बोटाखाली गेली.

पद्मा. नहीं आई.

तिने ते दोनदा वाचलं. 'नहीं' तिला येत होतं.

कुणी सांगितलं याला? सकाळी पद्मा पाणी प्यायला एकटीच नळावर गेली होती, ती या टेबलावरूनच. तिनेच सांगितलं असणार. मला आई नाही म्हणून. आणि आईच नाही तर फोटो कुणाच्या भरवशावर काढायचा, म्हणून यांनी आत घेतलं नाही. सगळं असं चटकन जुळलं की शामलाने कुणाला काही विचारलंच नाही. तिने कागदाची घडी घातली, पद्माच्या पाठीवर हात ठेवून तिला टांग्यात चढवलं आणि दाना ओळीपर्यंत दोघी समोरासमोर बसून आल्या. रागवावं असंही तिला वाटलं नाही. पोरगी खरंच बोलली होती.

संध्याकाळी माधवगंजातून वनमालाताई आल्या. या म्हणजे मधुसूदनरावांची थोरली बहीण, शामलाच्या वन्सं. मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांचा प्रत्येक प्रश्न झडतीला आल्यासारखा येई. फोटो झाला का, म्हणून विचारलं. शामलाने सांगितलं, यंत्र बंद होतं.

"मग तू तिथं बारापर्यंत काय करून राहिली होतीस?" वन्सं म्हणाल्या. मग पद्माच्या प्लास्टरवर नखाने टकटक करून त्या म्हणाल्या की असल्या फोटोंनी काही होत नाही, नया बाजारातल्या हाडं बसवणाऱ्या पहलवानाकडे नेली असती तर एव्हाना हात फिरवायला लागली असती.

दुसऱ्या दिवशी शामला पुन्हा जाऊ शकली असती. गेली नाही. तिने नववा दिवस मोजला, दहावा मोजला. दर सकाळी लुगडं बदलायला घ्यायची आणि त्या टेबलाची आठवण झाली की हात थांबायचे. पुन्हा तो माणूस सगळ्यांदेखत विचारणार, पद्मा, आई? आणि पद्मा शेजारी बसून ऐकणार. 'मी आहे' म्हणायची छाती तिला होत नव्हती. एवढ्या मोठ्या शहरात आपल्याला एक वाक्य धड बोलता येत नाही, आणि जे बोलायचं ते बोलायचा आपल्याला हक्क आहे की नाही हेही विचारायला माणूस नाही, या विचाराने तिला एकदा भाकरी थापता थापता रडू आलं. पीठ डोळ्यांत गेलं म्हणून तिने पद्माला सांगितलं. पद्माने काही विचारलं नव्हतं.

पद्मा तिला काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळ आली तर ती जवळ येऊन उभी राहायची आणि "पाणी हवंय" असं भिंतीकडे पाहून सांगायची. बोलायचंच झालं तर 'तुम्ही'. पोरं आईला 'तुम्ही' म्हणत नाहीत, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. शामला तेही गोड मानून घ्यायची, कारण 'तुम्ही' निदान तिच्याकडे पाहून म्हटलेलं असायचं.

तेराव्या दिवशी दिवेलागणीला मधुसूदनराव आले. अंगावर धूळ, टाचेला फोड. चहाचा पेला हातात घेऊन त्यांनी पहिली चौकशी फोटोची केली. शामला चुलीपुढे बसली होती. फोटो झाला नाही, असं तिने सांगितलं. का नाही झाला, हे सांगताना मात्र तिचा आवाज फुटला. तिने वही सांगितली, रकाना सांगितला, आई आणि आया सांगितलं, आणि पद्माच्या नावापुढे काय लिहिलं होतं तेही सांगितलं.

मधुसूदनराव हसायला लागले. चहा धोतरावर सांडला तरी थांबेनात.

"अगं, 'आई' म्हणजे आली. 'आया' म्हणजे आला. 'नहीं आई' म्हणजे पद्मा आली नाही, एवढंच. तो हजेरी घेत होता."

मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी पेला खाली ठेवला. बराच वेळ ते धोतरावरचा डाग चोळत राहिले.

"पद्मा तुला काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"काही म्हणत नाही."

इतक्या महिन्यांत आपल्या हे लक्षातसुद्धा आलं नाही, असं ते पुटपुटले. उद्या कचेरीत हजर व्हायचं होतं, पण रजेचा अर्ज टाकतो आणि मीच पोरीला घेऊन जातो, म्हणाले. शामलाने नको म्हटलं. मोडलाय माझ्यासमोर, मीच नेते, एवढंच ती म्हणाली आणि चुलीतली लाकडं पुढे सारायला लागली.

चौदाव्या दिवशी सकाळी थंडीने दाना ओळीतले शेणाचे पो सुद्धा पांढरे दिसत होते. टांग्यात शामला ओठांतल्या ओठांत तो शब्द घोकत होती. केवढा सोपा शब्द. गावभरच्या बायका तो दिवसभर बोलतात, इकडून आई, तिकडून आई. आपण हिंदीत बोलतोय, असं तिने मनाला दहादा बजावलं. तरी समोर पद्मा बसलेली दिसली की ती रस्त्याकडे तोंड वळवून पुन्हा घोकायला लागायची.

"पद्मा! आई?"

शामला उठली. पडदा बाजूला सारून ती मुंशीजींना दिसेल अशी उभी राहिली.

"आई," ती म्हणाली. हवं होतं त्यापेक्षा जोरात आलं.

मुंशीजींनी लिहिलं. पद्माने मान वर करून शामलाकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते बघायला शामला थांबली नाही. तिने पोरीचा चांगला हात धरला आणि दाराशी नेऊन सोडला, कारण फोटोच्या खोलीत बरोबरच्या माणसाला जाऊ देत नसत. आतून यंत्राची घरघर आली आणि 'हिलना मत' असं कुणीतरी म्हणालं. तेवढा वेळ शामलाने स्वतःचा श्वास धरून ठेवला होता.

डॉक्टरसाहेबांनी ओली फिल्म तिच्या चौकटीसकट खिडकीपुढे धरली. काळ्यावर पांढरी, काडीएवढी दोन हाडं. गेल्या आठवड्यात का आला नाहीत, म्हणून त्यांनी कडक आवाजात विचारलं.

"आलो होतो," शामला म्हणाली. "बाहेर बसलो होतो. मला उत्तर देता आलं नाही."

डॉक्टरांनी तिला खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं, आई आणि आया तेवढं गाळून. त्यांनी मुंशीजींना आत बोलावून घेतलं. मुलं घाबरतात, बायका पडद्यामागे असतात, नुसती हजेरी घेऊन काय उपयोग, असं बरंच बोलले. शेवटी ठरलं की वहीत आणखी एक रकाना पाडायचा, बरोबर कोण आलंय त्याचा, आणि नाव पुकारून उत्तर नाही आलं तर त्या माणसाला शोधायचं. मुंशीजी शामलाकडे न बघता बाहेर गेले.

मग डॉक्टर पुन्हा फिल्मकडे वळले. हाड सरकलं होतं. फार नाही, पण वाक आला होता, आणि धरायला सुरुवातही झाली होती. शामलाने भिंतीला हात टेकला. आठव्या दिवशी सापडलं असतं तर, हे डॉक्टर बोलले नाहीत, तिचं तिलाच ऐकू आलं. डॉक्टरांनी तिला स्टूल दिलं. लहान मुलांचं हाड वाढता वाढता स्वतःलाच सरळ करून घेतं, ते म्हणाले. एवढा वाक असेल तर या वयात तो भरून निघतो, पुढे शोधूनही सापडत नाही. याहून वाढला तर मात्र भूल देऊन, हाड मोडून नव्याने बसवावं लागेल. तीन आठवड्यांनी प्लास्टर काढायचं, आणखी एक फोटो घ्यायचा, तेव्हा कळेल.

घरी येताना टांगा नया बाजारातून वळला तेव्हा पद्मा पहिल्यांदा बोलली.

"तुम्ही 'आई' नका म्हणू. 'आ गई' म्हणायचं. तेही चालतं."

"बरं," शामला म्हणाली.

पुढचे तीन आठवडे तिला कसे गेले ते तिलाच ठाऊक. कामाला तोटा नव्हता, पण बोलायला भिंतीच होत्या. मधुसूदनराव आता कचेरीतून आले की रोज हिंदीची चार वाक्यं शिकवायचे आणि ती पाटीवर लिहून घ्यायची. ती दुपारी जिन्यात बसून तांदूळ निवडायची आणि खाली अंगणात पोरी खेळायच्या ते ऐकायची. आता तिला कळत होतं. लपंडावात एकेक पोरगी ओरडायची, 'मैं आई! मैं आई!' पद्माचा आवाज त्यात ओळखू यायचा. ती म्हणायची, 'मैं आ गई.' दर वेळी. एकदाही चुकून दुसरं नाही. शामलाने तीन दुपारी लक्ष देऊन ऐकलं. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचा तो शब्द पोरीने असा उचलून ठेवला होता, की हिंदीतसुद्धा ती त्याला हात लावत नव्हती. आणि आपण तो भर दवाखान्यात, सगळ्यांपुढे, तिच्या डोक्यावर उभं राहून ओरडलो. शामलाला स्वतःची लाज वाटली. तेव्हापासून ती एकटी असताना 'आ गई' घोकायला लागली.

वेणी मात्र रोज घालावी लागे, एका हाताने पोरगी काय करणार. पद्मा पळत नव्हती, पळण्याची सोयही नव्हती. ती खांदे आवळून बसायची आणि शामला जपून गुंता सोडवायची. प्लास्टरच्या आत खाज सुटली की पद्मा जवळ येऊन उभी राहायची. शामलाने केरसुणीचा एक हीर धुऊन, टोक बोथट करून ठेवला होता. तो आत सारून ती हळूहळू खाजवायची. पद्मा डोळे मिटून घ्यायची. एकदा हीर बाहेर काढताना पद्मा म्हणाली, "अजून." शामलाने विचारलं, दुखतंय का आत? पद्माने नाही म्हणून मान हलवली. मग जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत तिने विचारलं की हात पुन्हा मोडताना दुखेल का.

मोडणार नाहीत, असं छातीठोक सांगायचं शामलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने ते सांगितलं नाही.

"भूल देतात. कळत नाही," ती म्हणाली. "आणि मी दाराशीच असेन."

पस्तिसाव्या दिवशी दवाखान्यात पाऊल ठेवल्यापासून पद्माचे दात वाजत होते. थंडीने की भीतीने, कोण सांगणार. आधी प्लास्टर कापून काढलं. आतून निघालेला हात असा बारीक आणि मळकट होता की शामलाला बघवेना. कातडीचे पापुद्रे निघत होते. फोटोच्या आधी हात पुसून घ्या, असं कापणाऱ्याने सांगितलं. शामलाने पद्माला बाकावर बसवलं, मी आलेच म्हणून सांगितलं आणि रुमाल भिजवायला नळावर गेली. नळावर रांग होती. पुढे एक म्हातारा लोटा घासत होता, तो काही हटेना. शामलाचं सगळं लक्ष मागे होतं. मुंशीजींनी नाव घेतलं तर पोरगी गप्प बसेल, वहीत पुन्हा तेच लिहिलं जाईल, आणि आज नाही झालं तर पुन्हा तेच दिवस मोजणं. तिने रांग मोडून पुढे हात घातला, रुमाल ओला केला आणि पळतच परतली.

बाक रिकामा होता. पडद्याआडच्या बाईने दाराकडे बोट दाखवलं. आतून यंत्राची घरघर येत होती.

शामला ओला रुमाल हातात घेऊन दाराशी उभी राहिली. रुमालाचं पाणी ठिबकून तिच्या पायांवर पडत होतं. हात न पुसताच गेली आत. घाबरली असेल. मी दाराशी असेन म्हटलं होतं, आणि नेमकी त्याच वेळेला नव्हते.

डॉक्टरसाहेबांनी या वेळी खिडकीपुढे दोन फिल्मा शेजारी शेजारी धरल्या, मागची आणि आजची. वाक वाढला नव्हता. मोडलेल्या जागी दोन्ही हाडांभोवती नवं हाड धरलं होतं, दोरीला गाठ मारावी तसं जाड. ही गाठ झिजेल, वाक भरून निघेल, म्हणाले. वर्षभराने कोणता हात मोडला होता हे तुम्हालाच आठवावं लागेल. आता फोटोची गरज नाही, पुन्हा यायचंही कारण नाही.

शामलाने हात जोडले. डोळे पुसताना तिच्या लक्षात आलं की आपण तोच ओला रुमाल वापरतोय. पद्मा आपला हात वर धरून तो स्वतःचा आहे का ते बघत होती. इतक्या दिवसांची भीती उतरली, आणि तिच्याबरोबर आणखीही काहीतरी संपल्यासारखं शामलाला वाटलं. उद्यापासून टांगा नाही, हीर नाही. वेणीसुद्धा पोरगी शेजारच्या विजयाबाईंकडून घालून घेईल, पूर्वी घ्यायची तशी.

बाहेर येताना मुंशीजींनी तिला थांबवलं. कागदावर शिक्का हवा होता. पद्मा पुढे जाऊन पायऱ्यांवर टांग्याची वाट बघत उभी राहिली. मुंशीजींनी वही उघडली, डोकं खाजवलं आणि जरा ओशाळून वही शामलाकडे फिरवली. नवा रकाना लाल शाईने पाडलेला होता.

"देखिए बाई, नाम पुकारा तो लड़की फ़ौरन बोली, आई. ठीक. फिर मैंने पूछा, साथ में कौन? तो फिर वही, आई. मैंने कहा, अरे हाँ, तू तो आई, साथ में कौन है? फिर वही बात, आई."

शामलाने वहीत पाहिलं. नाव, पद्मा. हाज़िरी, आई. साथ में, आई.

"झुंझलाकर मैंने भी वही लिख दिया," मुंशीजी म्हणाले. "डॉक्टर साहब देखेंगे तो बिगड़ेंगे. काटकर आपका नाम लिख दूँ?"

त्यांनी टाक दौतीत बुडवला. शामलाने हात पुढे केला आणि वहीच्या त्या ओळीवर ठेवला. शाई अजून पुरती वाळली नव्हती.

"नहीं," ती म्हणाली. मग पाटीवर शिकलेलं एक वाक्य तिला वेळेवर आठवलं. "रहने दीजिए."

मुंशीजींनी खांदे उडवले आणि कागदावर शिक्का मारला.

शामला पायऱ्यांपाशी आली. तिच्या बोटाला शाई लागली होती. टांगा फाटकातून आत येत होता. पद्माने तिच्याकडे पाहिलं, मग बोटाकडे.

"काय बघत होतीस वहीत?"

"काही नाही," शामला म्हणाली. "दोघी आलो, असं लिहिलंय."